गंजलेली जीप : मोडीत की पांदणीवर?

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या मोठ्या गावात गोठ्याच्या आडोशास किंवा कडुनिंबाखाली चाकांतील हवा गेलेली जुनी जीप उभी असलेली अनेकदा दृष्टीस पडते. आसनांच्या जागी रिकामी पोती रचलेली असतात, बॉनेटवर कोंबड्या बसतात आणि तळाच्या पत्र्यास पडलेल्या भोकांतून गवत वर आलेले असते. मालकास विचारावे तर तो म्हणतो, "कबाडीवाला मागत होता, पण बाबांची गाडी आहे, देववत नाही." ती पुन्हा चालती व्हावी असे त्याच्या मनात असते, परंतु मिस्त्रीने सांगितलेला आकडा ऐकून तो गप्प बसतो. अशा गाडीचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता शेतीच्या कक्षेतील नव्हे. तथापि ज्या काळ्या जमिनीच्या मुलखात आषाढ-श्रावणात शेतापासून डांबरी सडकेपर्यंतचा मैलभर रस्ता तुडविण्यात अर्धा दिवस मोडतो, तेथे तो शेतीचाच प्रश्न ठरतो.

जीप हे वाहन मुळात शेतकऱ्यास परके नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी घडविलेली ही गाडी १९४५ मध्ये विलीज कंपनीने नागरी वापरासाठी बाजारात आणली, ती शेतीचे अवजार म्हणूनच. तिच्या यंत्राची शक्ती मागील दांड्यावर घेऊन आरा किंवा पंप चालवावा, प्रसंगी नांगर ओढावा, अशी तिची जाहिरात होत असे. भारतात १९४९ पासून मुंबईस महिंद्र कंपनीने सुटे भाग जोडून जीप बांधण्यास प्रारंभ केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास कार्यक्रम व पुढील वर्षी त्याच दिवशी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. त्या वेळी हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. विकास गटाची जीप गावात शिरली म्हणजे सरकार गावात आले, असे त्या पिढीस वाटे. पुढे अशा गाड्या खात्यांनी निकालात काढल्या, लिलावात विकल्या आणि त्यांतील काही कास्तकारांच्या वाड्यांत येऊन पोहोचल्या. आज झाडाखाली दिसणाऱ्या गाड्यांत जुन्या सीजे-३बीपासून पुढच्या एमएम-५४० पर्यंत अनेक पिढ्यांचे नमुने सापडतात.

या गाड्यांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, जुने ते मोडीत घालावे आणि कर्ज काढून नवे घ्यावे. दुसरा पक्ष बहुधा तरुणांचा. त्यास जुनी जीप हवी असते; पण ती रुंद टायर, दिव्यांची रांग, चकाकणारी नळी आणि भडक रंग यांनी सजवून यवतमाळच्या किंवा पुसदच्या बाजारातून मिरविण्यासाठी. पहिला पक्ष कर्जात बुडवितो आणि दुसरा पक्ष त्याच कर्जात हौसेने उतरतो. चारही चाकांना ओढ असलेल्या नव्या जीपगाडीस आज दहा लाख रुपयांहून अधिक पडतात. कोरडवाहू कपाशी आणि सोयाबीनच्या शेतीतून तो हप्ता फेडणे बहुतेकांस शक्य नाही. उलट, गंजलेली पण सांगाडा शाबूत असलेली जीप थोड्या खर्चात, दिखाव्याचा मोह टाळून, कामापुरती उभी करता येते. मात्र हे काम डोळसपणे झाले पाहिजे.

काम कोणते, हे आधी ठरवावे. पावसाळ्यात पांदणीतून खताची चार पोती, फवारणीचे पंप, डिझेलचा डबा आणि दोन माणसे शेतात नेणे, परतताना भाजीपाला किंवा चारा आणणे, एवढेच ते काम आहे. बैलजोड्या कमी झाल्या, बंडी हाकणारा मिळत नाही आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्यास धरून नाही व सुरक्षितही नाही. आणखी एक काम आहे, त्याची किंमत पैशांत करता येत नाही. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात आणावे लागले. विषबाधा असो, सर्पदंश असो वा बाळंतपणाची अडचण असो, रुग्णवाहिका सडकेपर्यंत येते; त्यापुढील चिखल तिला ओलांडता येत नाही. रुग्णास सडकेपर्यंत आणणारे एखादे वाहन गावात असणे ही चैन मानता येणार नाही. नांगरटीची अपेक्षा मात्र जीपकडून ठेवू नये. जाहिरातींत काही असो, आपल्या भारी जमिनीत तिचे यंत्र तापते आणि तिच्या चाकांखाली जमीन दडपते. ते काम ट्रॅक्टरचे आहे.

गाडी हाती घेण्यापूर्वी पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे तिला खरोखर चारही चाकांची ओढ आहे काय. काळी-पिवळी म्हणून धावलेल्या जीपवजा गाड्यांपैकी पुष्कळांची फक्त मागची चाके ओढतात. बाहेरून त्या सारख्याच दिसतात. पुढच्या आसात मध्यभागी मागच्यासारखाच गोळा आहे काय आणि गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक-दोन लहान दांडे आहेत काय, हे वाकून पाहावे. चिखलासाठी म्हणून दोन चाकांच्या ओढीची गाडी घेऊन नंतर पुढचा आस बसवू पाहणाऱ्याचा खर्च दुप्पट होतो.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि येथे सर्वांत अधिक फसगत होते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांपुरती असते. त्यानंतर योग्यता तपासणी करून प्रत्येक वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण घ्यावे लागते. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढून १०,००० रुपये झाले. शिवाय पर्यावरण कर, विमा, धूरतपासणीचा दाखला आणि उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी यांचा खर्च आहेच. म्हणून गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर पाना हाती घेण्यापूर्वी उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन वारसाच्या नावे हस्तांतर होऊ शकते काय आणि थकलेला कर किती, हे विचारावे. चेसिसवर कोरलेला क्रमांक व पुस्तकातील क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. अनेक पेट्रोल जीपगाड्यांत मागाहून डिझेल यंत्र बसविलेले असते. त्याची नोंद पुस्तकात नसेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार ती अडचण ठरते. गंज खरवडून काढता येतो. परंतु हरवलेला क्रमांक कोणताही मिस्त्री परत आणू शकत नाही.

सरकारी जीप लिलावात स्वस्त घेऊ, अशी आशा अद्याप काही जण बाळगून आहेत. ती सोडून द्यावी. सरकारी व निमसरकारी संस्थांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आली असून ती वाहने नोंदणीकृत मोडणी केंद्रातच जावयाची आहेत. हवा व रस्ते यांच्या दृष्टीने त्या नियमास अर्थ आहे. तथापि कमी धावलेली, सुस्थितीत राखलेली जीपही त्यात सरसकट मोडली जाते, हे खेदाने म्हटले पाहिजे. दुसरा गैरसमज जुन्यास मिळणाऱ्या मानाचा. ५० वर्षांहून जुन्या मोटारीस २०२१ च्या नियमांनुसार 'विंटेज' म्हणून नोंदणी मिळते. पण अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. खताची पोती वाहावयाची असतील तर कास्तकाराने त्या सन्मानाच्या वाटेस जाऊ नये.

आता गंजाकडे वळू. लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, हे सर्वांस ठाऊक आहे. शेतावरची गाडी शहरातील गाडीपेक्षा लवकर का सडते, याचा विचार मात्र क्वचित होतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून कपाशीस मानवते; तीच माती चेसिसच्या पोकळीत आणि चाकावरच्या पत्र्याच्या घडीत भरली की वरून सर्व वाळले तरी आत कित्येक दिवस ओल टिकते. त्यात खताची भर पडते. युरियाचे सांडलेले दाणे दमट हवेतील पाणी ओढून घेतात. म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड तर लोखंडावर संरक्षक थर टिकूच देत नाही. संत्रा बागाईतदार बोर्डो मिश्रण तयार झाल्यावर त्यात लोखंडी चाकू बुडवून पाहतात. मिश्रणात चुना कमी असेल तर पात्यावर तांब्याची तांबूस झाक येते. तांबे चाकूवर बसते, तेव्हा तेवढे लोखंड विरघळून जाते. मोरचुदाचे गळके पोते जीपच्या तळावर ठेवले की तीच क्रिया तळाच्या पत्र्यावर घडते. म्हणून खताखाली जाड ताडपत्री अंथरावी, आणि पांदणीतून परतल्यावर गाडीच्या वरच्या भागापेक्षा तिच्या पोटाखाली अधिक पाणी मारावे. उलट, पुष्कळ घरी वरून फडके मारले जाते व पोटाखालचा चिखल तसाच राहतो.

गंजलेली गाडी तपासताना पत्र्याच्या भोकांनी घाबरून जाऊ नये आणि वरच्या रंगाने भुलूही नये. पत्रा बदलता येतो. खरा जीव दोन लांब तुळयांच्या सांगाड्यात असतो. लहान हातोडीने सांगाडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकीत जावे. शाबूत लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. पाट्यांचे टेकू जेथे सांगाड्यास जोडले आहेत, जेथे स्टीअरिंगची पेटी बसते आणि जेथे आडव्या पट्ट्या मिळतात, त्या जागा विशेष लक्षपूर्वक पाहाव्यात. दोन पत्रे एकमेकांवर जोडलेले असतील तेथे त्यांच्यामध्ये गंज फुगतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा मोठे असल्याने तो जोड आतून उचलून फोडतो. वरून रंग नवा, पण जोडाची कड लाटेसारखी उंचसखल दिसत असेल, तर आत काय आहे ते समजावे. टेकूच्या जागी सांगाडा आरपार कुजला असेल किंवा जुन्या अपघाताने पिळला असेल, तर ती गाडी सुटे भाग काढून घेण्यापुरतीच मानावी. हा निर्णय कठोर वाटतो. पण अशा सांगाड्यावर ओतलेला पैसा परत येत नाही आणि माणसांचाही जीव धोक्यात जातो.

सांगाडा चांगला असेल तर कामाचा क्रम ठरवावा. सामान्यतः माणसे रंगापासून आरंभ करतात, कारण रंग दिसतो. क्रम नेमका उलट हवा. प्रथम ब्रेक, मग स्टीअरिंग व चाकांचे बेअरिंग, मग सांगाड्याची दुरुस्ती, त्यानंतर यंत्र आणि सर्वांत शेवटी पत्रा व रंग. जुन्या सीजे-३बीमध्ये चारही ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरच्या तेलावर चालतात. एका चाकाशी नळी फुटली की चारही ब्रेक जातात. म्हणून गंजलेल्या लोखंडी नळ्या आणि रबरी नळ्या सर्वच्या सर्व नव्या घालाव्यात. तेथे जुन्यावर भागविण्यात काटकसर नाही. जी रक्कम ठरविली असेल तिचे तीन वाटे करावेत : एक ब्रेक, स्टीअरिंग व टायर यांसाठी, दुसरा उर्वरित सर्व कामासाठी, आणि तिसरा वाटा बाजूला ठेवावा, कारण गाडी उघडल्यावर जे दिसते ते आधी कोणीच सांगू शकत नाही. हा तिसरा वाटा न ठेवल्यानेच अर्ध्या उघडलेल्या गाड्या वर्षानुवर्षे पडून राहतात. पीककर्जाचा किंवा बियाण्याचा पैसा यात कदापि घालू नये. एका हंगामात ब्रेक, दुसऱ्या हंगामात यंत्र, अशा रीतीने दोन वर्षे लागली तरी हरकत नाही.

गंज काढण्याचे काम घरच्या माणसांनी करावे. खर्च तेथेच वाचतो. तारेचा ब्रश, खरवडणी व पॉलिश पेपर यांनी सुटणारा सर्व गंज काढावा. न सुटणाऱ्या नट-बोल्टांवर डिझेल सोडून रात्रभर ठेवावे, हिसका देऊ नये. खोल खड्ड्यांतील गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण लावल्यास त्याचे टिकाऊ फॉस्फेटात रूपांतर होते; हातमोजे व चष्मा मात्र हवा. लोखंड कोरडे होताच त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे अस्तर द्यावे. पावसाळी हवेत एक रात्र उघडे राहिलेले लोखंड सकाळी पुन्हा तांबूस दिसते. भोकावर लांबी भरून रंग मारणे ही स्वतःचीच फसवणूक होय. कुजलेला पत्रा शाबूत कडेपर्यंत कापून नवा तुकडा झाळावा. लांबी केवळ पृष्ठभाग सारखा करण्यासाठी आहे. सांगाड्याच्या पोकळीत शेवटी जाडसर तेल सोडावे आणि पाणी निघून जाण्याची मूळ भोके मोकळी ठेवावीत. ही भोके बुजविणारा कारागीर कितीही नावाजलेला असो, त्यास हे काम देऊ नये.

सुरक्षिततेच्या तीन गोष्टींविषयी तडजोड नको. गाडी केवळ जॅकवर उचलून खाली शिरू नये. भक्कम लाकडी ओंडक्यांचा आधार द्यावा, रचलेल्या विटांचा नव्हे. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते. ती गाडीवरून उतरविल्यावाचून झाळकाम करू नये आणि टाकी स्वतः झाळण्याचा खटाटोप तर मुळीच करू नये. जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पुरून टाकावे.

यंत्राविषयी थोडकेच सांगण्यासारखे आहे, कारण जुन्या जीपचे यंत्र साधे असून तालुक्याच्या गावचा जाणता मिस्त्री ते ओळखतो. एवढेच की, आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या व कार्बुरेटरमधील पडदे त्याने फुगतात किंवा चिरतात, आणि इथेनॉल ओल धरत असल्याने अर्धी रिकामी टाकी आतून गंजते. या नळ्या आरंभीच बदलाव्यात आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

चार चाकांची ओढ केव्हा लावावी, याचेही अज्ञान बरेच आहे. या जीपमध्ये पुढचा व मागचा आस एकमेकांशी घट्ट जोडला जातो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर तोडतात. चिखलात चाक घसरून हा फरक भरून निघतो. डांबरी सडकेवर तो निघत नाही आणि सगळा ताण दातेरी चाकांवर येतो. म्हणून पांदण संपली की पुढच्या आसाची ओढ काढावी. खोल गाळात खालचा टप्पा लावून सावकाश, एकाच वेगाने जावे. जुन्या जीपमध्ये या टप्प्यात ओढ सुमारे अडीच पट होते, वेग तेवढाच घटतो. नाल्यातून गेल्यावर दोन्ही आसांतील तेल पाहावे. ते दुधासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. तेल बदलावयास चार दिवस उशीर केला की बेअरिंगचा खर्च ओढवतो. जीप आखूड व उंच असल्याने भरधाव वळणावर उलटते, हेही तरुण चालकांस बजावून सांगावे.

एकट्या कास्तकारास हा खर्च जड वाटत असेल तर चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून गाडी उभी करण्यास हरकत नाही. मात्र ती कोणाच्या नावे राहील, डिझेल कोण भरील व दुरुस्तीचा वाटा कसा पडेल, हे आधी कागदावर लिहून ठेवावे. खाजगी नोंदणीच्या गाडीतून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. अपघात झाल्यास विमा कंपनी हात झटकते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या बाबतीत स्पष्ट सल्ला द्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार यांत्रिकीचा किंवा संधात्याचा अभ्यासक्रम पुरा करून घरी बसलेली मुले गावोगाव आहेत. त्यांच्या हातास पहिले खरे काम अशा गाडीवर मिळू शकते. शकुंतला रेल्वेचे १९२१ मध्ये मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर १९९४ पर्यंत धावले, ते वेळच्या वेळी वंगण घालणाऱ्या अशाच हातांमुळे.

ज्यांना हे काम यंदा हाती घ्यावयाचे असेल त्यांनी कापूस वेचणी आटोपल्यावर, माघ-फाल्गुनात, हातोडी घेऊन प्रथम सांगाडा ठोकून पाहावा आणि त्याच आठवड्यात परिवहन कार्यालयात कागदांची चौकशी करावी. खरवडणे, झाळणे व अस्तर ही कामे उन्हाळ्यात उरकावीत. लोखंड त्या दिवसांत कोरडे असते. मृगापूर्वी ब्रेक व ओढ यांची परीक्षा रिकाम्या गाडीने गावाजवळच्या पांदणीत घ्यावी, पोती नंतर चढवावीत.